आजोळची शर्यत

शेजाऱ्याजवळ असलेली आणि आपणाजवळ नसलेली वस्तू पाहून मनुष्याला हेवा वाटतो, हे सर्वश्रुतच आहे. परंतु शेजाऱ्याजवळ नेमकी आपल्यासारखीच वस्तू असली म्हणजे जे घडते, त्याची मौज निराळी. ज्याच्या दारी मोटार आहे तो सायकलवाल्याशी मोठ्या ममतेने बोलतो. पण त्याच कारखान्याची, त्याच बांधणीची आणि केवळ वर्षभराने नवी अशी मोटार समोरच्या बंगल्यात येऊन उभी राहिली, की दोन्ही घरांतील बोलण्याचा सूर पालटतो. सरकारी वसाहतींतून आयुष्य काढलेल्या आमच्या वाचकांना याची उदाहरणे शोधावयास दूर जावे लागणार नाही. आम्ही मात्र येथे एक दूरचेच उदाहरण घेणार आहो. ते दोन शिडाच्या नौकांचे आणि त्यांच्या दोन मालकांचे आहे. मालक एकमेकांचे मामा-भाचे होते आणि पुढे दोघेही सम्राट झाले, एवढाच काय तो फरक.

मामा म्हणजे इंग्लंडचा युवराज एडवर्ड. मुंबईकरांना हा गृहस्थ अगदी अपरिचित नाही. १८७५ च्या नोव्हेंबरात तो मुंबईस उतरला होता व प्रिन्सेस डॉकची कोनशिला त्यानेच बसविली होती. मुंबईच्या ज्या भागाला आपण 'काळा घोडा' म्हणतो, त्या घोड्यावरील स्वार हाच. १९६५ साली तो पुतळा राणीच्या बागेत हलविला गेला; २०१७ साली जुन्या जागी दुसरा काळा घोडा उभा राहिला, पण त्याच्या पाठीवर कोणीही नाही.

भाचा म्हणजे जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म. एडवर्डची थोरली बहीण व्हिक्टोरिया ही त्याची आई. अर्थात इंग्लंडची राणी ही त्याची आजी, आणि वाइट बेटावरील तिचा ऑस्बोर्न नावाचा वाडा हे त्याचे आजोळ. भाच्याने मामाकडे लाड करून घ्यावेत, ही आपल्याकडची रीत. पण आपल्या पुराणांत कंस आणि शकुनी हेही मामाच होते. विल्हेल्मच्या मनात एडवर्डमामाची जागा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी, दर वर्षी थोडी थोडी सरकत असे.

त्यांच्या नात्यात एक अडचण होती आणि ती आमच्या वाचकांना चटकन समजेल. भाचा मामापेक्षा सतरा वर्षांनी लहान, पण पदाने मोठा. १८८८ साली वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तो सम्राट झाला; मामा सत्तेचाळिशीला टेकलेला असूनही युवराजच होता, आणि पुढे आणखी बारा-तेरा वर्षे त्याला युवराजच राहावयाचे होते. वयाने ज्येष्ठ असलेल्याने आधी नमस्कार करावा की पदाने श्रेष्ठ असलेल्याने, हा प्रश्न कचेरीत जितका नाजूक तितकाच राजवाड्यातही. त्याच साली व्हिएन्नास दोघांची गाठ पडण्याचा योग होता. परंतु आपल्या भेटीच्या वेळी दुसरा कोणी राजपाहुणा तेथे नसावा असे भाच्याने कळविले, आणि मामाला व्हिएन्ना सोडून जावे लागले.

वाइट बेटाच्या उत्तर टोकाला काउज नावाचे बंदर आहे. ऑगस्टमध्ये तेथे शिडाच्या नौकांच्या शर्यती भरत. त्या भरविणारी रॉयल यॉट स्क्वॉड्रन ही संस्था १८१५ सालापासूनची, आणि १८८२ पासून युवराज एडवर्ड तिचा प्रमुख होता. आईने राज्यकारभारात फारसे काही हाती न दिलेल्या या मनुष्याला आपला शब्द चालतो असे हे एक हक्काचे ठिकाण होते. १८८९ साली कैसर पाहुणा म्हणून काउजला आला. आजीने त्याला ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरलचा सन्माननीय हुद्दा दिला. त्या गणवेषाचा त्याला इतका आनंद झाला, की तो इंग्रजांना त्यांच्याच आरमाराविषयी सल्ले देऊ लागला.

शर्यती पाहिल्यावर त्यालाही नौका हवी झाली. जॉर्ज लेनॉक्स वॉटसन या स्कॉटिश रचनाकाराने १८८७ साली 'थिसल' नावाची सुमारे १०८ फूट लांबीची नौका आखली होती. तिच्या बुडाचा आकार कोणाला दिसू नये म्हणून ती पाण्यात उतरविताना कापडाने झाकली होती. एवढी झाकपाक करून ती अमेरिकेस गेली आणि तेथे दोन्ही शर्यती हरून परत आली. १८९१ साली कैसरने ती विकत घेतली व तिचे नाव 'मीटिऑर', म्हणजे उल्का, असे ठेवले.

आता मामाच्या हातून स्वस्थ बसवेना. त्याने त्याच वॉटसनला गाठले आणि १८९३ च्या एप्रिलात ग्लासगो येथे क्लाइड नदीवर हेंडरसन यांच्या गोदीतून 'ब्रिटानिया' पाण्यात उतरली. लांबी सुमारे १२१ फूट. गंमत अशी, की त्याच गोदीत तिच्या शेजारीच, त्याच वॉटसनच्या आराखड्यावरून, लॉर्ड डनरेव्हन यांची 'व्हाल्किरी दुसरी' तयार होत होती. या दोघी जवळजवळ जुळ्या बहिणी म्हणाव्या अशा होत्या. पण सारख्या नौकांचे नशीब सारखे नसते. 'व्हाल्किरी' १८९४ च्या जुलैत एका शर्यतीच्या आरंभीच दुसऱ्या नौकेची धडक बसून बुडाली. 'ब्रिटानिया' पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ धावली, आणि ६३५ शर्यतींपैकी २३१ शर्यतींत पहिली आली.

अशा रीतीने एकाच कारागिराच्या डोक्यातून निघालेल्या दोन नौका, एक मामाची व एक भाच्याची, आजीच्या वाड्यासमोरच्या पाण्यात एकमेकींच्या पाठीस लागल्या. त्या काळच्या दरबारी आठवणींतून एक प्रसंग पुनःपुन्हा सांगितला जातो. बेटाला वळसा घालण्याची शर्यत लागली होती आणि रात्री राणीकडे दोघांनाही भोजनाचे आमंत्रण होते. वाटेत वारा पडला. शिडे लोंबू लागली, नौका जागच्या जागी डोलू लागल्या आणि भोजनाची वेळ जवळ येऊ लागली. मामाने खुणेने विचारले, की शर्यत येथेच सोडून परतावे काय? भाच्याचे उत्तर आले, की शर्यत पुरी झालीच पाहिजे. पोहोचण्यास कितीही उशीर होवो. दोघे वाड्यावर पोहोचले तेव्हा राणीचे जेवण आटोपत आले होते. भाच्याने पुढे होऊन आजीच्या हाताचे चुंबन घेतले आणि गोड शब्दांत क्षमा मागितली. पन्नाशीचा मामा मात्र एका खांबाआड उभा राहून कपाळावरचा घाम पुशीत होता. धीर करून तो पुढे आला, आईने नुसती मान हलविली, आणि तो पुन्हा खांबाआड गेला. नातवाला मिळणारी सूट मुलाला मिळत नाही, हे आजोळचे शास्त्र सर्व देशांत एकच आहे.

सुटीचा विषय निघालाच आहे तर शर्यतीतील सुटीविषयीही सांगितले पाहिजे. लहानमोठ्या नौका एकत्र धावत, म्हणून नौकेची लांबी व शिडांचे क्षेत्रफळ यांवरून तिचे मान ठरवीत आणि मोठ्या नौकेने लहान नौकेला ठरावीक वेळ सोडावा असा नियम होता. त्यामुळे आधी पोहोचलेली नौका हिशेबात हरू शकत असे. हिशेब आला म्हणजे तक्रार आलीच. १८९५ साली ही सूट अन्यायाची आहे असे म्हणून कैसरने राणीच्या चषकाच्या शर्यतीतून आपली नौका काढून घेतली, आणि 'ब्रिटानिया'ला सबंध फेरी एकटीनेच पुरी करावी लागली. प्रतिस्पर्ध्यावाचून धावणारी नौका कितीही देखणी असली तरी तिच्याकडे कोण पाहणार! त्याच वर्षी कैसरने आपल्याबरोबर दोन नव्या युद्धनौका आणल्या होत्या. त्यांची नावे 'व्यर्थ' व 'वायसेनबुर्ग'. ही १८७० सालच्या फ्रान्सवरील जर्मन विजयांची स्थळे. त्यांपैकी एका विजयाचा वाढदिवसही त्याने काउजच्या बंदरातच साजरा केला. पूर्वी काउज हा आपला विरंगुळा होता, आता भाचा येऊन सूत्रे हाती घेतो आणि नुसता ताप होतो, असे मामा खाजगीत बोलू लागला.

१८९६ च्या जानेवारीत ट्रान्सवालच्या क्रूगरला कैसरने केलेल्या अभिनंदनाच्या तारेने इंग्लंड खवळले आणि त्याचे काउजला येणे बंद झाले. पण त्याची नौका आली! त्याने त्याच वॉटसनकडून, त्याच हेंडरसनच्या गोदीत, 'मीटिऑर दुसरी' बांधून घेतली. ती 'ब्रिटानिया'चीच मोठी आवृत्ती होती. मालक बर्लिनला, नौका इंग्लंडात, आणि विजय भाच्याच्या खात्यावर. १८९७ साली मामाने 'ब्रिटानिया' विकून टाकली. ती पुढे त्याच्याकडे परत आली, पण शर्यतीचा नाद त्याने जवळजवळ सोडला.

येथपर्यंत ही कथा हसण्याची आहे. भाच्याने मात्र मामाच्या घरचा थाट आपल्या घरी उभारण्याचा ध्यास सोडला नाही. कील बंदरातील शर्यतींना त्याने काउजचे रूप दिले. आणि १८९८ व १९०० च्या कायद्यांनी जर्मन आरमाराची मोठी वाढ सुरू झाली. १९०४ च्या जूनमध्ये मामा, आता राजा सातवा एडवर्ड, कीलला आला. त्या वेळच्या भोजनप्रसंगी कैसरने मन मोकळे केले. लहानपणी इंग्लंडात प्रेमळ मावश्यांच्या व ॲडमिरलांच्या संगतीत पोर्टस्मथ व प्लिमथ पाहिली, तेव्हाच आपणही अशी जहाजे बांधावी असे मनाने घेतले, असा त्या भाषणाचा आशय होता. चान्सेलर ब्यूलो हे ऐकून घाबरला. कोट्यवधींचा खर्च बालपणीच्या हौसेसाठी मागितला असे लोकसभेला कळले तर पुढचे पैसे कोण मंजूर करील? त्याने वृत्तपत्रांना भाषणाचा दुसराच मसुदा धाडला. सर्वांत चांगला भाग तेवढा गाळलात, अशी कैसरने त्याच्याकडे तक्रार केली. साहेबांचे भाषण कचेरीत दुरुस्त होऊन बाहेर पडते, ही प्रथा अशी जुनी आहे.

दोन नौकांच्या चुरशीमुळे महायुद्ध झाले, असे आमचे म्हणणे नाही. त्याला व्यापार, वसाहती, तहनामे आणि सैन्यांची वेळापत्रके अशी कितीतरी जड कारणे होती. परंतु ब्यूलोने गाळलेला भागच खरा होता, असे आम्हांस वाटते. ज्या पोराने आजोळच्या खिडकीतून जहाजे पाहिली, त्याला इंग्लंडचा नाश नको होता. त्याला इंग्लंडसारखे व्हावयाचे होते, आणि इंग्लंडने तसे कबूल करावे अशी त्याची इच्छा होती. वैराला तह असतो, पण या इच्छेला तह नाही. कारण समोरच्याने एक गज पुढे टाकला की आपलाही एक गज पुढे पडलाच पाहिजे. १९०६ साली इंग्लंडने 'ड्रेडनॉट' पाण्यात उतरविली. पुढच्याच वर्षी जर्मनीत तिच्या तोडीच्या नौकांचे काम सुरू झाले. या वेळी वेळेची सूट ठरविणारे पंच कोणी नव्हते.

एडवर्ड १९१० साली वारला. १९१४ च्या जूनमध्ये कीलच्या शर्यतींना ब्रिटिश युद्धनौकांचे पथक पाहुणे म्हणून आले होते. २८ तारखेला कैसर आपल्या पाचव्या 'मीटिऑर'वर शर्यतीत असताना एक लहान लाँच वेगाने जवळ आली, आणि तिच्यातील अधिकाऱ्याने सिगारेटच्या डबीत घातलेला कागद नौकेवर फेकला. साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाल्याची ती बातमी होती. कैसरने शर्यत सोडली. मामाच्या विनवणीने जी त्याने सोडली नव्हती, ती या चिठ्ठीने सोडविली.

युद्धात भाच्याचे सिंहासन गेले. १९१८ च्या नोव्हेंबरात त्याने हॉलंडचा आसरा घेतला. 'ब्रिटानिया' मात्र राहिली. एडवर्डचा मुलगा पाचवा जॉर्ज तिच्यावर हौसेने जात असे. १९३६ साली तो वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे नौकेवरील सर्व साज उतरविण्यात आला, आणि १० जुलै रोजी वाइट बेटाच्या दक्षिणेस खोल पाण्यात ती बुडविण्यात आली. जिच्या बरोबरीने धावण्यासाठी एवढा खटाटोप झाला, ती शेवटी कोणाच्याही हाती लागू नये, एवढीच तिच्या शेवटच्या मालकाची इच्छा होती.