ओन्ली

‘एवढेच, याहून अधिक नाही’ असा अर्थ देणारे इंग्रजी क्रियाविशेषण. मूळ रूप प्राचीन इंग्रजीतील ‘आनलीक’; ‘आन’ म्हणजे एक आणि ‘लीक’ म्हणजे सारखा. पुढे ‘एक’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चार ‘वन’ झाला, पण ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ यांत जुना स्वर टिकून राहिला.

मराठीत या एका शब्दाचे काम ‘फक्त’, ‘केवळ’, ‘मात्र’ आणि ‘-च’ मिळून करतात. ‘फक्त’ मूळचा अरबी. तो फारसीच्या वाटेने आला आणि दफ्तरातून घराघरांत रुळला. ‘केवळ’ व ‘मात्र’ संस्कृतातले. ‘तो मात्र आला नाही’ यात ‘मात्र’ला ‘पण’ची छटा येते, ‘ओन्ली’लाही ती आहे.

या सगळ्यांत लहान आणि सर्वांत समर्थ तो ‘-च’. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ ही निश्चयार्थी अव्यये नोंदवली. ज्ञानेश्वरीतला ‘चि’ आणि आजचा ‘-च’ त्याच कुळातले. हा ‘-च’ कोणत्या शब्दाला लागतो यावर अर्थ ठरतो. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यात पेण-रोहा लोहमार्गावर, नागोठण्याच्या पुढे निडी स्थानक आहे. ‘मीच निडीला उतरलो’ म्हणजे दुसरे कोणी उतरले नाही. ‘मी निडीलाच उतरलो’ म्हणजे नागोठण्याला किंवा रोह्याला नव्हे. ‘मी निडीला उतरलोच’ म्हणजे काही झाले तरी उतरलो. शब्दांचा क्रम तोच, अक्षर तेच, अर्थ तीन. इंग्रजीत हा भेद बऱ्याचदा आवाजाच्या आघाताने दाखवावा लागतो.

‘आय लिव्ह इन निडी ओन्ली’ हे आपल्याकडचे इंग्रजी ‘निडीलाच राहतो’ या घडणीचे आहे. त्याला नुसती चूक म्हणणे अन्यायाचे होईल. मराठीतल्या ‘-च’ची, हिंदीतल्या ‘ही’ची गरज बोलणारा तिथे ‘ओन्ली’कडून भागवून घेतो.

व्यवहारात या शब्दावर पैसा राखला जातो. चेकवर ‘रुपये पाचशे ओन्ली’, पावतीवर ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ किंवा ‘मात्र’ असे लिहितात, म्हणजे ‘पाचशे’पुढे कोणाला ‘पन्नास’ जोडता येत नाही. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 18 नुसार अंकी व अक्षरी रकमेत तफावत असल्यास अक्षरी रक्कम धरली जाते, त्यामुळे ही राखण महत्त्वाची.

इंग्रजी-मराठी कोशकारांनी ‘ओन्ली’पुढे ‘फक्त’ लिहून थांबू नये. ‘-च’ची नोंद तिथे उदाहरणांसह द्यावी.