न उपसलेली गादी

कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरतात, त्याला आपल्याकडे ‘गादी’ म्हणतात. नाव नेमकं आहे. घरातली कापसाची गादी आपण दरवर्षी फेकत नाही. उन्हात टाकतो, पिंजून घेतो, पुन्हा अंथरतो. कोंबड्यांखालच्या गादीला हा न्याय मिळाला तो अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या वूस्टरच्या कृषी संशोधन केंद्रात.

1946 पर्यंत तिथे पिल्लांखालचा भुसा पंधरवड्याच्या आत उपसून नवा टाकायची शिस्त होती. एवढी स्वच्छता ठेवूनही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, क्वचितच एखाद्या बॅचला सोडायची. तीन वर्षांतली मर सरासरी 19 टक्के. डी. सी. केनर्ड आणि व्ही. डी. चेंबरलिन यांनी मग भुसा काढणंच थांबवलं. जुन्या गादीवर नवी पिल्लं सोडली, थर सहा ते बारा इंच चढू दिला, अधूनमधून शंभर चौरस फुटांना 15 ते 20 पौंड विरी गेलेला चुना मिसळून गादी खालीवर केली. पुढच्या तीन वर्षांत मर 7 टक्क्यांवर आली. पिल्लं मरत असताना फावडं बाजूला ठेवायला केवढा धीर लागला असेल!

गादी आतून जिवंत असते. विष्ठा आणि भुशावर जिवाणू, बुरशी पोसतात, शेणखताच्या खड्ड्यासारखंच हळूहळू कुजणं चालू राहतं. हगवणीच्या जंतूंना तयार व्हायला ओल लागते. कोरड्या गादीत ते फार माजत नाहीत, आणि उकरताना थोडे पोटात गेले तर पिल्लांची प्रतिकारशक्ती वाढते. आणखी एक गंमत पुढे आली. नुसत्या वनस्पतिजन्य प्रथिनांवर ठेवलेल्या कोंबड्यांची अंडी नीट उबत नसत, जुन्या गादीवरच्यांची उबत. मासळीच्या कुटीतून मिळणारं काहीतरी त्यांना गादीतच सापडत होतं. 1948 मध्ये ब-12 जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक वेगळे झाले आणि उलगडा झाला: जिवाणू ते बनवतात, कोंबड्या टिपतात.

पण न उपसणं म्हणजे न बघणं नव्हे. इथेच बरेच जण फसतात. दाताळ्याने गादी वरचेवर हलवावीच लागते. पाण्याच्या भांड्याभोवती बसलेली ढेकळं त्याच दिवशी काढायची. साथीचा रोग येऊन गेला असेल तर सगळी गादी काढून शेड निर्जंतुक करण्यावाचून पर्याय नाही. रोजच्या पारखीला मात्र हात पुरतो. मूठभर तूस घट्ट दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. धरलंच नाही, नुसती धूळ उडाली तर फार कोरडं. मूठ उघडताच अलगद सुटलं तर बेत जमला. आणि वास उभ्याने घेऊ नका. उकिडवं बसून नाक पिल्लाच्या उंचीवर न्या. अमोनिया आधी तिथे झोंबतो.