एका बरणीचे वेड
मडकी जमवणाऱ्या माणसाला आपल्याकडे हसतात. पण यानागी सोएत्सु या जपानी गृहस्थांचा छंद मला हसण्यावारी नेववत नाही. १९१४ साली आसाकावा नोरिताका नावाचे शाळामास्तर कोरियाहून त्यांच्या घरी आले, ते रोदँची शिल्पे पाहायला. येताना भेट म्हणून कोरियन भांडी आणली. त्यांतल्या एका पैलूदार बरणीवर निळ्या रंगात गवताची पाती रेखली होती. यानागींना वेडच लागले!

कोरिया तेव्हा जपानच्या टाचेखाली होता. असे कसबी लोक आपलेच सरकार चिरडते, हे यानागींच्याने पाहवेना. सोलच्या राजवाड्याचा ग्वांगह्वामून हा महादरवाजा पाडायचे घाटू लागले, तेव्हा १९२२ साली त्यांनी उघड लेख लिहून निषेध केला. दरवाजा वाचला, दुसरीकडे हलवला गेला इतकेच. १९२४ साली त्यांनी कोरियन वस्तूंचे संग्रहालय उघडले, तेही सोलमध्येच, त्याच राजवाड्याच्या आवारात. कोरियन कलेत त्यांना जे दुःख दिसे, ते पुढे कित्येक कोरियनांना पटले नाही. मलाही ते जरा अतीच वाटते.

१९३६ साली तोक्योत त्यांचे मिंगेइकान उभे राहिले. तिथे त्यांचे स्नेही, नामांकित कुंभार हामादा शोजी यांचीही भांडी आहेत. हामादा पुढे पुढे भांड्यावर नाव घालीतनासे झाले. त्या बरणीवर तरी कुणाचे नाव होते?