फिल्टर नेमकं काय गाळतो?

आमच्या होस्टेलवरच्या एका मैत्रिणीकडे चाळीस लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दर रविवारी ती फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली अगदी स्वच्छ होईपर्यंत धुवायची. पाणी काचेसारखं नितळ असायचं. तरी तीन महिन्यांत चार मासे गेले. "याहून चांगला फिल्टर कुठला घेऊ गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी नेमकी एकोणिसाव्या शतकातल्या मत्स्यालयांवर टिपणं काढत होते. त्यामुळे तिला सरळ उत्तर मिळालं नाही. तुम्हालाही मिळणार नाही, थोडं थांबावं लागेल.

१८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला नेले. सुई-दोऱ्यानं त्यांना स्पंजावर टाचलं आणि बरणीतून प्रवास केला. घरी पोहोचल्यावर अडचण आली ती पाण्याची. लंडनमध्ये समुद्राचं पाणी रोज कुठून आणणार? मग एक उपाय निघाला. तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं, एका वेळी अर्धा-पाऊण तास. हे काम बाईसाहेब करत नव्हत्या, त्यांची मोलकरीण करायची. थिन यांचा लेख १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्या लिहितात की काम दमवणारं होतं खरं, पण मुलीला ती गंमतच वाटायची. मुलीचं नाव लेखात नाही.

या वाक्यापाशी जरा थांबा. गंमत वाटायची, हे कोण सांगतंय? मालकीण. म्हणजे या वाक्यातून आपल्याला मुलीच्या मनातलं कळत नाही, पण टाकी कुणाच्या दंडांवर चालली होती ते पक्कं कळतं. आज पंप जे करतो ते ती हातानं करत होती. पाण्याचा हवेशी संबंध वाढवायचा, प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. १८४७ मध्ये थिन यांनी टाकीत समुद्री शेवाळही ठेवायला सुरुवात केली.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे गोड्या पाण्याच्या टाकीचा प्रयोग मांडला. त्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि सडकी पानं खाणाऱ्या गोगलगायी होत्या. वनस्पती प्राणवायू देतात, प्राणी तो वापरतात, तोल साधला की पाणी बदलायला नको. नंतर त्यानं हेच खाऱ्या पाण्यात करून पाहिलं. १८५४ मध्ये फिलिप गॉसचं 'द अक्वेरियम' आलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. कल्पना सुंदर होती, पण अपुरी होती. सगळ्यांचं लक्ष प्राणवायूवर. माशाच्या शरीरातून आणि कुजणाऱ्या अन्नातून येणारा अमोनिया त्या हिशेबात फारसा नव्हताच.

विल्यम अल्फर्ड लॉइड यानं क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात (१८७१) वेगळी वाट धरली. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या कितीतरी पट पाणी खाली अंधाऱ्या हौदात ठेवायचं आणि पंपानं सतत फिरवत राहायचं. हे चाललं. पण तुमच्या-माझ्या खोलीत अंधारा हौद नसतो. लहान टाकीची अडचण तीच आहे: दाण्याचा एक जास्तीचा तुकडा मोठ्या हौदात हरवून जातो, चाळीस लिटरमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

आता गंमत बघा. मला हवं ते उत्तर मत्स्यालयांच्या कपाटात सापडलं नाही, ते सांडपाण्याच्या कपाटात होतं. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. पहिले वीसेक दिवस काहीच झालं नाही, अमोनिया जसाच्या तसा खाली येत होता. मग नायट्रेट दिसायला लागलं. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर ते थांबलं. वाळू तीच, चुनखडी तीच. नुसतं रसायन असतं तर थांबायचं कारण नव्हतं. म्हणजे काम करणारं काहीतरी जिवंत होतं. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्कीनं ते जिवाणू वेगळे करून दाखवले. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट.

१८७७ पूर्वीचे मत्स्यालयाचे कागद वाचताना म्हणूनच जपावं लागतं. तिथे 'गाळणं' म्हणजे पाणी नितळ करणं. आजचा 'जैविक फिल्टर' त्या शब्दात घुसडला, तर त्या माणसांना काय दिसत होतं तेच आपल्याला दिसणार नाही. मी पहिल्या मसुद्यात हीच चूक केली होती. मार्गदर्शकांनी लाल शाईनं गोल केला, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

मैत्रिणीच्या स्पंजाकडे परत येते. त्याच्या छिद्रांमध्ये तेच जिवाणू वस्तीला येत होते आणि दर रविवारी ही बाई नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं त्यांना धुऊन काढत होती. फ्रेंचांचा क्लोरोफॉर्मचा प्रयोग, दर आठवड्याला! नवा फिल्टर आणला असता तरी पुन्हा पहिल्या दिवसापासूनच सुरुवात.

आता ती पाणी बदलताना टाकीतूनच बादलीभर पाणी काढते आणि स्पंज त्यात हलकेच पिळते. दाणे निम्मे केलेत. शिवाय दुसऱ्या एका जुन्या टाकीतले थोडे सच्छिद्र दगड आणून ठेवलेत. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहिलेली पद्धत साधारण हीच: जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि फारशी यंत्रं नाहीत. तिचा स्पंज आता तपकिरी झालाय आणि तिला तो बघवत नाही. गेल्या रविवारी अमोनियाच्या चाचणीचा रंग पिवळाच राहिला. नवे मासे आत्ताच आणायचे की अजून महिनाभर थांबायचं, यावर आमचा वाद चालू आहे.