कचकड्यापासून खुर्चीपर्यंत

मराठींत 'कचकडें' हा शब्द मूळ कासवाच्या पाठीच्या कवचाचा. त्या कवचाच्या फण्या व डब्या करीत. पुढें विलायतेहून तशाच दिसणाऱ्या नकली पदार्थाच्या वस्तु येऊं लागल्या, तेव्हां लोकांनीं जुनेंच नांव त्या पदार्थास दिलें आणि कचकड्याची बाहुली घरोघर झाली. हा नकली पदार्थ म्हणजे सेल्युलॉइड. अमेरिकेंत जॉन हयात यानें १८६९ च्या सुमारास, बिलिअर्डच्या चेंडूंस हस्तिदंताऐवजीं दुसरें कांहीं मिळतें कां हें शोधतां शोधतां तो सिद्ध केला. हत्ती व कासव यांच्या अंगावरील ओझें कांहींसें उतरावें अशी ही युक्ति होती, हें आजच्या वाचकांस मौजेचें वाटेल.

त्यानंतरचें बॅकेलाइट. बेकलंड यानें तें १९०७ मध्यें शोधलें. विजेचीं काळीं गोल बटणें व रेडिओच्या पेट्या या रूपानें तें मुंबई-पुण्याच्या घरांत शिरलें. आज त्याच वस्तु चोरबाजारांत जुन्या म्हणून हौसेनें विकत घेतल्या जातात. खेड्याशीं मात्र त्याचा फारसा संबंध आला नाहीं, कारण तेथें वीजच उशिरां पोहोंचली.

आम्हांस हा इतिहास दिवाणखान्यांतून न पाहतां कापड्यासारख्या गांवाच्या पडवींतून पाहावयाचा आहे. कापडें हें पोलादपूर तालुक्यांतील गांव. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री याच डोंगरांतून उतरून पुढें महाडाकडे जाते. वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि त्या ओलीबरोबर येणारी बुरशी व वाळवी. अशा मुलखांत सामानसुमान मुळांतच थोडें असे. बसावयास पाट किंवा घोंगडी, निजावयास बाज, भातासाठीं कणगी, पाण्यासाठीं हंडा-कळशी व मातीचा माठ, आणि बुरुडानें विणलेलीं सुपें, टोपल्या व रोवळ्या. लाकडी खुर्ची असलीच तर एखाद्या घरीं एक. ती भिंतीशीं उभी असे, आणि मामलेदार, मास्तर वा मुंबईहून आलेला पाहुणा यांच्यासाठींच पुसून पुढें केली जाई. घरचीं माणसें तिच्यावर सहसा बसत नसत. बायकांची तर गोष्टच नको.

'खुर्ची' हा शब्दही आपला नव्हे; तो अरबी 'कुर्सी'चा अपभ्रंश आहे. शब्दाबरोबर अधिकाराचा अर्थही आला, आणि तो अद्याप गेलेला नाहीं.

खुर्ची स्वस्त झाली ती पॉलिप्रॉपिलिन या पदार्थामुळें. इटलींतील रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नाता यानें १९५४ मध्यें तो घन व टिकाऊ स्वरूपांत सिद्ध केला, आणि १९६३ चें नोबेल पारितोषिक त्यास जर्मन शास्त्रज्ञ त्सिग्लर याच्याबरोबर मिळालें. त्याच वर्षीं इंग्लंडांत रॉबिन डे यानें या पदार्थाची बैठक व लोखंडी पाय असलेली खुर्ची बाजारांत आणली. पाय, बैठक व पाठ यांचा सांधा नाहींसा करून सबंध खुर्ची एकाच साच्यांतून काढण्याचें काम मात्र १९७२ मध्यें फ्रान्सांत आंरी मासोने यानें यशस्वी केलें. दाणा वितळवावयाचा, दाबानें साच्यांत भरावयाचा, थंड होतांच खुर्ची बाहेर. सारें दोन मिनिटांच्या आंत. सुतारास रंधा हातीं घेऊन फळी तासावयासही इतका वेळ पुरत नाहीं. साचा अतिशय महाग, पण एकदां केला कीं त्यांतून लाखों खुर्च्या निघतात. स्वस्ताईचें सारें रहस्य एवढेंच.

आपल्याकडे या पदार्थांच्या कच्च्या मालाचा पाया ट्राँबे व ठाणें येथें १९६० नंतरच्या दशकांत घातला गेला. पुढें, १९९० च्या सुमारास, इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना नागोठण्यास उभा राहिला. बॉम्बे हायच्या समुद्रांतील वायु हा त्याचा आधार. नागोठणें रायगड जिल्ह्यांतच, मुंबई-गोवा रस्त्यावर. तोच रस्ता महाडावरून पोलादपुरास जातो. मुंबईची नीलकमल ही कंपनी अशा खुर्च्यांसाठीं इतकी प्रसिद्ध झाली कीं पुष्कळांच्या तोंडीं तें नांव खुर्चीचेंच झालें.

या खुर्चीनें गांवांत काय केलें? सौंदर्याच्या दृष्टीनें पाहूं जातां तिची स्तुति करणें आम्हांस जमणार नाहीं. पण गोष्ट केवळ सौंदर्याची नाहीं. जुन्या घरांत ओटी, पडवी, अंगण या पायऱ्या केवळ बांधकामाच्या नव्हत्या. कोणी कोठवर यावें व कोठें बसावें हें त्या ठरवीत. हाच तो मुलूख, जेथें महाडास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. पाण्याप्रमाणें बैठकीलाही पंगत होती, पायरी होती. आज मांडवांत खुर्च्या शेंकड्यांनीं भाड्यानें येतात, एकाच रंगाच्या व एकाच उंचीच्या, आणि जो येतो तो रिकामी दिसेल तीवर बसतो. भेद या खुर्चीनें घालविला असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तो झगडा माणसांनीं केला व अजून करीत आहेत. परंतु खुर्चीच्या अभावाचें निमित्त मात्र उरलें नाहीं. गुडघे धरलेली म्हातारी आतां पडवींत सुनेसमोर खुर्चीवर बसून तांदूळ निवडते, यांतही आम्हांस कांहीं थोडकें दिसत नाहीं.

याची किंमत कोणी दिली हेंही सांगितलें पाहिजे. बुरुडाच्या टोपलीची जागा प्लॅस्टिकच्या टोपलीनें घेतली, तांबटाच्या हंड्याची निळ्या पिंपानें, आणि बाजेच्या सुंभाची नायलॉनच्या पट्टीनें. दारावरचें आंब्याच्या पानांचें तोरण सणाला बांधावयाचें व सुकलें कीं काढावयाचें. आतांचें वर्षभर तेथेंच धूळ खात लोंबतें. या तोरणाचा आम्हांस मनापासून कंटाळा आहे.

शिवाय तें अमर आहे हाही भ्रमच. उन्हांतील जंबुपार किरणांनीं पॉलिप्रॉपिलिनच्या लांब सांखळ्या तुटतात. खुर्ची पांढुरकी पडते, हाताला पूड लागते, आणि एके दिवशीं पाय मोडतो. स्वस्त मालांत खडूची भुकटी अधिक घालतात, तो लवकर मोडतो. पुरांत मात्र तिचा गुण दिसतो. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाडांत घरांघरांतून शिरलें. अशा पाण्यांत भुशाच्या फळ्यांचीं कपाटें फुगून जातात. प्लॅस्टिकची खुर्ची वाहून न गेली तर चिखल धुतला कीं पुन्हा मांडतां येते. वाहून गेलेलें प्लॅस्टिक मात्र बाणकोटच्या खाडीकडे जातें, आणि त्या मुखाजवळच्या वेळासच्या वाळूंत समुद्रकासवें अंडीं घालावयास येतात.

राज्य सरकारनें २०१८ मध्यें पिशव्या व थर्माकोलच्या ताटल्या यांवर बंदी घातली. खुर्च्या तींत नाहींत, आणि असाव्या असें आम्हांसही वाटत नाहीं. मोडकी खुर्ची भंगारवाला वजनावर नेतो. ती दळून पुन्हा दाणा करतात. पण जुना दाणा काळपट व ठिसूळ असल्यानें त्याची सहसा खुर्ची होत नाहीं, घमेलें किंवा बादली होते.