'वैमानिकाची चूक' म्हटले की प्रश्न संपतो का?

२४ जानेवारी १९६६. मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे बोईंग ७०७ 'कांचनजंगा' जिनिव्हाकडे उतरत असताना मों ब्लां पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली. त्यांत डॉ. होमी भाभा होते, म्हणून हा अपघात आपल्याला माहीत आहे. आणि ते होते म्हणूनच आजही त्यावर कटकारस्थानाच्या कथा मोबाईलवर फिरतात. चौकशीत निघालेले कारण साधे होते. स्थान कळण्यासाठीचा एक रेडिओ रिसीव्हर बेरूत सोडतानाच बंद होता. डोंगर मागे पडला, असे वैमानिकाला वाटले. जमिनीवरून आलेली सूचना पुरेशी स्पष्ट नव्हती.

विमान उडते आहे, वैमानिकाच्या ताब्यात आहे आणि तरीही डोंगरावर जाते. त्या काळात असे अपघात जगभर होत होते. अहवालात लिहिले जायचे, 'वैमानिकाची चूक'. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे फाईल बंद करायला हे वाक्य फार सोयीचे. आम्हाला हे ओळखीचे वाटते. गटारात कामगार गुदमरला तरी 'त्यानेच काळजी घेतली नाही' असे म्हणणारे आपण पाहिले आहेत.

ही फाईल पुन्हा उघडणारा माणूस होता डॉन बेटमन. जन्म १९३२, कॅनडातील सास्काटून. लहानपणी त्याच्या गावावर दोन लष्करी विमाने एकमेकांवर आदळली. तो मित्रासोबत शाळेतून पळून तो अपघात पाहायला गेला आणि शिक्षा म्हणून बाईंनी त्याला त्यावर लिहायला लावले. पुढे तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला, अमेरिकेत स्थलांतरित झाला आणि १९५८ मध्ये बोईंगमध्ये लागला. तिथून तो विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेला. ती कंपनी विकली गेली, पुन्हा विकली गेली, शेवटी हनीवेलमध्ये विलीन झाली. मालक बदलत राहिले, बेटमनचे काम तेच राहिले.

त्याचा प्रश्न वेगळा होता: त्या क्षणी वैमानिकाला काय माहीत नव्हते? विमानातले नेहमीचे उंचीमापक हवेच्या दाबावर चालते. ते समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते, पायाखालचा डोंगर किती वर आला ते सांगत नाही. रेडिओ उंचीमापक मात्र खाली लहरी सोडते आणि त्या परत यायला लागलेल्या वेळावरून जमिनीचे अंतर काढते. बेटमनने या उपकरणाला इतर उपकरणांशी जोडले. जमीन फार वेगाने जवळ येऊ लागली की कॉकपिटमध्ये आवाज येणार: 'पुल अप!' म्हणजे विमान वर घ्या.

सप्टेंबर १९७१ मध्ये अलास्कात जूनोजवळ एक विमान डोंगरावर आदळून १११ माणसे मेली. बेटमन आपले यंत्र घेऊन छोट्या विमानातून त्याच मार्गाने गेला. इशारा मिळाला, पण अवघे काही सेकंद आधी. म्हणजे यंत्र अपुरे होते. हे त्याने स्वतःच्या यंत्राबद्दल मान्य केले, हे आम्हाला त्याच्या पेटंटांपेक्षा मोठे वाटते. त्याने ते सुधारले. तरीही सरकार हलले ते डिसेंबर १९७४ मध्ये, वॉशिंग्टनजवळ आणखी ९२ माणसे मेल्यावर. त्याच महिन्यात अमेरिकेत हे यंत्र सक्तीचे करण्याचा आदेश निघाला. मृतदेह मोजल्याशिवाय नियम होत नाहीत, तिथेही नाही.

एक दोष उरलाच होता. यंत्र खाली पाहायचे, पुढे नाही. समोर उभा कडा असेल तर काय? सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले जगाचे भूरूप नकाशे विकत मिळू लागले. बेटमनच्या चमूने ते घेतले, उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानाशी जोडले आणि पुढचा डोंगर आधीच पडद्यावर आणला. शीतयुद्धात जपलेले नकाशे प्रवाशांचे जीव वाचवायला लागले! हे काम चालू असतानाच डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियात कालीजवळ जुने यंत्र असलेले विमान डोंगरावर गेले. १५९ मृत्यू. इशारा मिळाला होता, उशिरा.

बेटमन ऐंशी ओलांडल्यावर निवृत्त झाला आणि २०२३ मध्ये गेला. ओबामांच्या हातून त्याला राष्ट्रीय पदक मिळाले होते. पण त्याच्यामुळे जे घरी पोहोचले, त्यांना त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही.

आता मंगळूर. २२ मे २०१०, १५८ मृत्यू. त्या विमानात बेटमनचे सुधारित यंत्र होते आणि ते ओरडत होते. सहवैमानिकाने तीनदा सांगितले, उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टनने यंत्राचेही ऐकले नाही आणि हाताखालच्याचेही नाही. इथे चूक वैमानिकाचीच होती, हे आम्ही मान्य करतो. पण तीनदा बोलूनही ज्याच्या शब्दाला वजन येत नाही, त्या उजवीकडच्या खुर्चीबद्दल कोणते यंत्र बनवायचे?