निकाहचा दिवस : फोटोत चेहरा आपलाच दिसावा यासाठी

लग्नाचा अल्बम हातात आला की अनेक घरांत एकच तक्रार असते: दुल्हनचा चेहरा पांढरा आणि मान-हात सावळे दिसतात. दोष रंगाचा नसतो. चुकीची शेड, चुकीचा उजेड आणि जास्तीचे थर यांमुळे असं होतं. शेवगावसारख्या गावात उन्हाळ्यात दुपारचा निकाह असेल, तर घाम आणि मंडपाचं कापड यांचाही विचार करावा लागतो.

गोरेपणाच्या क्रीमपासून सावध
तारीख ठरली की ‘महिनाभरात उजळ’ करणारी क्रीम कोणीतरी सुचवतंच. 2023 मध्ये अकोल्याचं प्रकरण बातम्यांत आलं होतं. अशी क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या मायलेकींच्या किडनीवर परिणाम झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी कारण शोधलं, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. भारतात चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला असला, तरी तो दहा लाख भागांत 1 भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर ती घेऊच नका.

मेंदी
मेंदी निकाहच्या दोन दिवस आधी काढावी. खऱ्या मेंदीचा रंग आधी केशरी दिसतो आणि 24 ते 48 तासांत गडद होतो. तासाभरात काळी रंगणारी ‘काळी मेंदी’ टाळा. तिच्यात बहुधा केस रंगवायचं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात, कधी डागही राहतात.

फाउंडेशन आणि पावडर
शेड मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघा. त्वचेत मिसळून गेली, तीच आपली शेड. मान, कान आणि गळ्याचा दिसणारा भागही त्याच शेडने घ्यायला सांगा.

सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साईड किंवा टायटॅनियम डायऑक्साईडवर आणि सिलिकाच्या बारीक पावडरवर फ्लॅशचा उजेड परततो, त्यामुळे चेहरा पांढराफटक येतो. म्हणून ट्रायलच्या दिवशी खोलीत अंधार करून मोबाईलच्या फ्लॅशने एक फोटो काढा. चूक तिथंच कळते.

घाम आला तर पुसू नका, टिश्यूने हलकेच टिपा. त्यावर पुन्हा पुन्हा पावडर मारली तर थर फुटतात.

वुजू आणि नमाज
मेकअपला बसण्याआधी वुजू करून घ्यावी आणि वेळ झाली असेल तर नमाज पढून घ्यावी. नेलपॉलिशखाली पाणी पोहोचत नाही, मेंदीच्या रंगाची तशी अडचण नाही. म्हणून नखांनाही मेंदीच लावणं सोयीचं.

केस आणि दुपट्टा
केस आदल्या दिवशी धुवावेत. ताजे धुतलेले केस निसटतात आणि पिना टिकत नाहीत. जड दुपट्ट्याचा भार कपाळावरच्या केसांवर नको, मागच्या आंबाड्यावर घ्या, नाहीतर तासाभरात डोकं दुखतं आणि ते चेहऱ्यावर दिसतं. हिजाब असेल तर आत सुती टोपी घाला, कापड घसरत नाही. टिका आणि झुमर दुपट्टा बसवल्यावरच पक्के करा.

उजेड आणि फोटोग्राफर
लाल किंवा गुलाबी मंडपाखाली कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो, मेकअपने तो जात नाही. दुल्हनच्या बैठकीवर पांढरं कापड लावा, किंवा खास फोटो दारालगतच्या सावलीत काढा. कडक उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात.

औरतांच्या बाजूला महिला फोटोग्राफर हवी असेल तर आधीच ठरवा. परवानगीशिवाय एकही फोटो स्टेटसवर किंवा दुकानाच्या जाहिरातीत जाणार नाही, हे बोलून, शक्यतो लिहून घ्या. चेहरा फार उजळवू नका, हेही सांगा. नाहीतर मेकअप नीट असूनही अल्बममध्ये वेगळीच मुलगी दिसते.

वेळेचं गणित
मेकअप आणि केसांना अडीच-तीन तास धरा. निकाहच्या तासभर आधी तयारी पूर्ण झाली पाहिजे. त्याआधी दुल्हनला पोटभर जेवू घाला आणि पाणी द्या. उपाशी, थकलेला चेहरा कोणत्याच मेकअपने झाकत नाही.